जुन्या मोटरहोममध्ये बिघाड: आधी मोजायचं की सरळ भाग बदलायचा?

चाकावरचं घर:

माझं मोटरहोम सव्वीस वर्षांचं आहे. मागच्या हिवाळ्यात त्याच्या हीटरने दगा दिला. बटण दाबलं की पंखा फिरायचा, गार वारा यायचा, पण ज्योत काही पेटायची नाही. ज्याला विचारावं तो म्हणायचा, हीटरचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेलाय. बोर्ड बदलला. मग ठिणगी पाडणारा इलेक्ट्रोड बदलला. हीटर तसाच गार.

शेवटी एका रात्री मल्टीमीटर (व्होल्टेज मोजायचा मीटर) घेऊन हीटरपाशीच बसलो. बॅटरीवर १२.५ व्होल्ट, आणि पंखा चालू असताना हीटरच्या तारांवर जेमतेम १०.२. २.३ व्होल्ट वाटेतच जिरत होते. या हीटरमध्ये हवेच्या झोताने दबणारी एक पातळ पाती असते. ती पुरती दबली तरच बोर्डाला हवा वाहत असल्याचं कळतं आणि मग तो गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. माझ्याकडे पंखाच मंद फिरत होता, त्यामुळे पाती अर्ध्यावर अडकत होती. काढून टाकलेला बोर्ड चांगला होता.

दोष सापडला तो निगेटिव्ह तार जिथे चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, कसली आहे तिथे. बोल्ट सोडवला तर थिंबलखालून (तारेच्या टोकाची धातूची कडी) गंजाचा तांबूस भुगा हातावर पडला. चासी पॉलिश पेपरने घासून चकचकीत केली, नवं थिंबल दाबून बसवलं, बोल्ट कसून वरून ग्रीस लावलं. परत मोजलं तर १२.१. पहिल्याच प्रयत्नात ज्योत लागली.

माझं ठाम मत झालंय की जुन्या गाडीतले निम्म्याहून जास्त बिघाड सांध्यात, अर्थिंगमध्ये आणि फ्यूजच्या खाचेत असतात. मोजल्याशिवाय एकही भाग विकत घेऊ नये. तुम्हाला काय वाटतं?

नवी वायर:

हीटर चालू झाला याचा आनंद आहे, पण तुमचं मत मला पटत नाही. एक बोल्ट घासलात, त्याच वयाचे बाकीचे सगळे बोल्ट अजून तसेच आहेत. आज हीटर, उद्या पाण्याचा पंप, परवा दिवे. किती रात्री मल्टीमीटर घेऊन बसणार?

माझ्या गाडीचे माझ्याआधी तीन मालक झाले. सीटखालचं झाकण काढलं तेव्हा एका लाल तारेला तीन वेगळ्या रंगांच्या तारा पिळून जोडलेल्या होत्या. वरची टेप वितळून गुळासारखी चिकट झाली होती. १.५ चौरस मिलिमीटरच्या तारेवर कुणीतरी ३० अँपिअरचा फ्यूज घातला होता. आधीचा फ्यूज सारखा उडत असणार, म्हणून मोठा घातला. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो. असा फ्यूज असला की आधी तार जळते. आणि तुमच्या मीटरवर तिथे १२.५ व्होल्टच दिसले असते, सगळं कसं उत्तम!

मी आतलं सगळं वायरिंग उपटलं आणि नवं टाकलं. दोन महिने लागले. आता प्रत्येक तारेला नंबर आहे, प्रत्येक सर्किटला स्वतंत्र फ्यूज आहे, आणि नकाशा दाराच्या आत चिकटवलाय.

बारा व्होल्ट:

@नवी वायर, तुमचं काम मोठं आहे, मान आहे. पण सगळ्यांना तो सल्ला देऊ नका. चालत्या गाडीचं वायरिंग उपटून अर्ध्यात सोडलेल्या किती गाड्या मी पाहिल्यात! पॅनेलमागची तार कुठून कुठे जाते हे कळायच्या आधीच कापून ठेवलेली असते. मग जुना बिघाड राहतोच, वर नवे चार.

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी सांगतो. जे बिघडलंय ते चालू ठेवा. मीटरच्या वायरची एक सुई (टेकवायचं टोक) बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी त्या उपकरणाच्या निगेटिव्हवर. एक-दोन दशांश व्होल्ट दिसले तर ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर दोष निगेटिव्हच्या वाटेवर आहे. मग तेच पॉझिटिव्हवर करा. एक सुई जागेवर ठेवून दुसरी एकेक सांधा पुढे सरकवत जा, जिथे आकडा उडी मारेल तोच सांधा. दहा मिनिटांचं काम आहे.

उपकरण बंद ठेवून मोजू नका, फसाल. प्रवाहच नसेल तर गंजका सांधासुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवतो. बॅटरीचंही तसंच. लेड ॲसिड बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर विश्रांतीत १२.७ च्या आसपास दाखवते, निम्मी रिकामी झाली की १२.१. पण म्हातारी बॅटरी विश्रांतीत १२.६ दाखवून पंप लावताच ११ च्या खाली येते. लोडवर, म्हणजे उपकरण चालू असताना, मोजलेलं तेवढंच खरं.

निळी ज्योत:

तुम्ही दोघंही तारांवरच भांडताय. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजचं काय?

माझा फ्रिज विजेवर छान थंड व्हायचा, गॅसवर मात्र कोमट. एकाने सांगितलं नवा घ्या. पण विजेवर थंड होतोय म्हणजे आतली अमोनियाची यंत्रणा धडधाकट आहे, दोष गॅस जाळून तिला उष्णता देणाऱ्या बाजूलाच असणार. बाहेरची जाळी काढून पाहिलं तर ज्योत पिवळी, लोळणारी. धुराड्यातले गंजाचे पापुद्रे बर्नरवर पडले होते. गॅस बंद करून, सगळं गार झाल्यावर मऊ ब्रशने साफ केलं. ज्योत निळी आणि सरळ झाली, रात्रीत बर्फ धरला. इथपर्यंत मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे. गाडी तिरकी उभी नाही ना हेही आधी बघा, हे फ्रिज कलले की आतला द्रव नीट परतत नाही.

पण पुढे माझी वाट वेगळी. गॅसची रबरी नळी आणि रेग्युलेटर मोजत बसायचे नाहीत. मुदत झाली की बदलायचे, चालत असले तरी. फ्रिजमागे अमोनियाचा वास आला किंवा पिवळी पूड दिसली तर फ्रिज बंद करा, ती यंत्रणा संपली. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मलाही मुदत असते, बटण दाबल्यावर तो ओरडला म्हणजे आतला सेन्सर जिवंत आहे असं नाही. आणि गॅसचा सांधा उघडायचा असेल तर परवानाधारक माणूस बोलवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचून राहतो. तिथे हौस नको.

छपरावर:

बोल्टाखाली गंज आला कुठून हे कुणीच विचारलं नाही. पाणी! छताच्या खिडकीभोवती, कोपऱ्याच्या पट्टीखाली अंगठ्याने दाबून बघा. भिंत स्पंजसारखी दबली तर हीटर आणि फ्रिज नंतर, आधी छत. आणि तिथे घरगुती सिलिकॉन फासू नका. पुढे त्यावर दुसरं कुठलंच सीलंट धरत नाही, खरवडून काढताना आठवडा जातो.

नवी वायर:

@बारा व्होल्ट, तुमची रीत बरोबर आहे, मी आजही तीच वापरतो. माझा मुद्दा वेगळा आहे. त्या जळक्या टेपच्या बरोबर वर माझी आई झोपायची. दोन उन्हाळे. तिला गुडघ्यामुळे पटकन उठता येत नाही, दार गाडीच्या दुसऱ्या टोकाला. ती टेप हातात आली त्या दिवसापासून मला त्या गाडीत झोप लागेना. "बिघाड झाला की मोजू" म्हणणं ठीक आहे, पण माझ्याकडे बिघाड झालाच नव्हता. दिवे लागत होते, पंप चालत होता. मी कशासाठी मीटर काढला असता?

बारा व्होल्ट:

याला माझ्याकडे उत्तर नाही. मी इतकी वर्षं बिघडलेलंच मोजत आलो.

नळाखाली:

पंपाचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. सगळे नळ बंद असताना पंप रात्री मधूनच दोन सेकंद घरघरतो, याचा अर्थ दाब कुठेतरी उतरतोय. मी पंप बदलला, घरघर तशीच. गळत होता टॉयलेटचा व्हॉल्व्ह, थेंब थेंब, थेट मैल्याच्या टाकीत, म्हणून फरशी कोरडीच. पंपाच्या पुढचा कॉक बंद करून ऐका. तरी घरघरला तर दोष पंपातल्या, पाणी मागे जाऊ न देणाऱ्या झडपेत, थांबला तर गळती पुढे. धागाकर्त्याला माझं मत.

चाकावरचं घर:

@नवी वायर, तुमचा प्रतिसाद वाचून काल संध्याकाळी फ्यूजचा डबा उघडला. प्रत्येक फ्यूज काढून त्यामागची तार पाहिली. अकरापैकी नऊ बरोबर. पंपाच्या तारेवर १० च्या जागी २० चा होता, तो मी कधीच घातलेला नाही. दुसरा मागच्या दिव्यांचा. तिथे फ्यूज योग्य होता, पण खाचेचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वाकलं होतं. दिवे व्यवस्थित लागत होते, त्यामुळे मी तिकडे मीटर नेलाच नसता.

सगळं वायरिंग मी उपटणार नाही, तेवढं मला झेपणार नाही. पण फ्यूज आणि त्यामागची तार हे आता बिघाडाची वाट न बघता तपासणार, आणि वर लिहिलेलं मत तेवढं मागे घेतो. मागच्या दिव्यांचा फ्यूज काढून ठेवलाय. उद्या डबा बदलतो, तोवर मागे अंधार.

@छपरावर, डाव्या कोपऱ्यात भिंत दबते. शिडी आणली आहे.