घाईत पॉइंट वळवू नका
एका दादांनी विचारलंय की वूलवर्थ्स या ऑस्ट्रेलियातल्या सुपरमार्केटच्या एव्हरीडे रिवॉर्ड्स या पॉइंट योजनेमधनं क्वांटास या विमान कंपनीचे पॉइंट मिळायची पद्धत बदलणार म्हणालैत, तर असलेले पॉइंट आत्ताच क्वांटासकडं वळवावेत का. दादा, घाई नको. रिवॉर्ड्सच्या २००० पॉइंटला बिलात १० डॉलर कमी नाहीतर क्वांटासचे १००० पॉइंट, आणि एकदा तिकडं गेले की परत येत नाहीत बघा. माझी मुलगी सिडनीत असते, तिथनं बेळगावला यायचं म्हंजे आधी बेंगलोर नाहीतर मुंबई, मग सांबऱ्याचं (बेळगावच्या विमानतळाचं) विमान किंवा रात्रीची गाडी, एवढ्या प्रवासाला पॉइंटचा आधार होतोय हे खरं, पण यायचं नक्की असेल तरच वळवा. २०१५ला पण वूलवर्थ्सनं क्वांटासचे पॉइंट बंद करून बिलात सूट देणारे स्वतःचे 'वूलवर्थ्स डॉलर' सुरू करायचं ठरवलेलं, लोक एवढे चिडले की २०१६त क्वांटास परत आणावं लागलं, म्हणून आत्ताचा बदल पटत नसेल तर त्यांना लिहून कळवाच.