लेप्टिन रिसेप्टर फक्त पीओएमसी पेशींतून काढला तर उंदीर थोडाच का जाड होतो?

मृद्गंध_बायोटेक
नमस्कार मंडळी, एमएससीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि जर्नल क्लबला मला बाल्थासर आणि सहकाऱ्यांचा २००४ चा पेपर आलाय, त्यात त्यांनी क्रे-लॉक्स (ठरावीक पेशींतूनच जीन कापून काढायची पद्धत) वापरून फक्त पीओएमसी न्यूरॉनमधून लेप्टिनचा रिसेप्टर (लेप्टिन ओळखणारा पेशीवरचा भाग) काढलाय. पद्धत समजली, पण निकालावर अडकलेय. आम्हाला शिकवलंय की चरबीतून लेप्टिन हे हार्मोन रक्तात येतं, मेंदूतल्या हायपोथॅलॅमस भागात भूक कमी करणाऱ्या पीओएमसी पेशींना जागं करतं, भूक वाढवणाऱ्या एजीआरपी पेशींना गप्प करतं आणि भूक कमी होते. मग पीओएमसीमधून रिसेप्टर गेला की उंदीर डीबी/डीबी उंदरासारखा (ज्याच्यात हा रिसेप्टर कुठेच चालत नाही) प्रचंड लठ्ठ व्हायला हवा ना? पण पेपरात म्हटलंय की सगळ्या पेशींतून रिसेप्टर गेल्यावर जेवढं वजन वाढतं त्याच्या फक्त १८ टक्के वाढ दिसली. म्हणजे पुस्तकातलं चित्र चुकीचं की प्रयोग अपुरा? सरांनी हाच प्रश्न विचारला तर काय सांगू?

आर्क्युएट
प्रश्न अगदी योग्य जागी पडलाय तुला. मी गेली काही वर्षं याच भागात काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट, ओबी/ओबी (लेप्टिनच न बनणारे) आणि डीबी/डीबी हे उंदीर कुणी बनवलेले नाहीत, ते अमेरिकेत मेन राज्यात बार हार्बरला जॅक्सन लॅबोरेटरीत आपोआप झालेल्या म्युटेशनमधून मिळाले, ओबी १९४९ मध्ये आणि डीबी १९६६ मध्ये. तिथेच डग्लस कोलमन यांनी दोन उंदरांचं रक्ताभिसरण जोडून बघितलं. डीबी उंदीर साध्या उंदराला जोडला तर साधा उंदीर खाणं सोडून उपाशी मेला, ओबीला जोडला तर ओबीचंही तेच झालं, आणि ओबी साध्याला जोडला तर ओबी कमी खायला लागला. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की ओबीमध्ये भूक थांबवणारा रक्तातला पदार्थ बनत नाही आणि डीबीमध्ये तो भरपूर बनतो पण ऐकणारा रिसेप्टर नाही. तेव्हा यातला एकही जीन हातात नव्हता, तरी हे बरोबर निघालं! १९९४ ला रॉकफेलर युनिव्हर्सिटीत जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने ओबी जीन शोधला, १९९५ ला रिसेप्टर सापडला. कोलमन आणि फ्रीडमन दोघांना २०१० चा लास्कर पुरस्कार मिळाला, मला तर त्या जोडणीच्या प्रयोगाचं आजही फार कौतुक वाटतं.

मग पुढचा प्रश्न आला की हा रिसेप्टर ऐकतो कुठे, आणि बनवलेले उंदीर लागले ते इथे. २००१ मध्ये न्यूरॉनमधून रिसेप्टर काढला तर उंदीर लठ्ठ, यकृतातून काढला तर काही फरक नाही. म्हणजे काम मुख्यतः मेंदूत. पण मेंदूत नेमकं कुठे? त्यासाठी तुझा २००४ चा पेपर. नंतर हायपोथॅलॅमसमधल्याच व्हीएमएच या दुसऱ्या भागातल्या एसएफ-१ पेशींतून काढला तरी सौम्यच लठ्ठपणा, आणि दोन्हीकडून एकदम काढला तर परिणामांची बेरीज झाली. २०११ मध्ये मात्र गाबा (दुसऱ्या न्यूरॉनना गप्प करणारं रसायन) सोडणाऱ्या सगळ्या न्यूरॉनमधून काढला आणि उंदीर जबरदस्त लठ्ठ झाले. एजीआरपी पेशी गाबा सोडतात हे लक्षात घे. तेव्हा तुझ्या पुस्तकातलं चित्र चुकीचं नाही, पीओएमसी पेशी लेप्टिन ऐकतात, पण वजनाचा सगळा भार त्यांच्या डोक्यावर नाही.

वेताळटेकडी
वरच्या दादांशी सहमत, पण क्रे उंदरांबद्दल बोलल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. मृद्गंध, क्रे हे एन्झाइम कात्री समज, दोन लॉक्सपी खुणांमधला तुकडा कापतं, पण ते कधी आणि कुठे चालू होतं ते प्रमोटरवर, म्हणजे जीन चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर अवलंबून. पीओएमसी-क्रे भ्रूण असतानाच चालू होतं. २०१० मध्ये दाखवलं गेलं की गर्भात पीओएमसी चालू असलेल्या जवळपास निम्म्या पेशी पुढे पीओएमसी न्यूरॉन होतच नाहीत, काही तर चक्क एनपीवाय म्हणजे उलट्या बाजूच्या, भूक वाढवणाऱ्या पेशी होतात. म्हणजे आपण म्हणतो फक्त पीओएमसीमधून काढलं आणि प्रत्यक्षात कापाकापी दुसरीकडेही झालेली असते. नेस्टिन-क्रेचे (मज्जासंस्थेत क्रे चालणारे) उंदीर तर कुठलाच लॉक्स जीन नसतानाही आकाराने लहान राहतात, त्यामुळे नुसता क्रे असलेला कंट्रोल गट नसेल तर मी तो आलेख मानतच नाही. कंट्रोल एकाच वेतातली भावंडंच हवीत, बाहेरून विकत आणलेले उंदीर नकोत. पेपर वाचताना पद्धतीच्या भागात हे पहिल्यांदा शोध.

आणि अॅनिमल हाउसचं तापमान! माणसाला बरं वाटतं म्हणून २२ अंश ठेवतात, उंदराला आरामदायक साधारण ३० अंश लागतं. थंडीत तो ऊब टिकवायलाच जास्त खातो आणि जाळतो, त्यामुळे वजनाचे आकडे दोन लॅबमध्ये जुळत नाहीत. डीबी उंदरांना डायबेटीस होतो, लघवी खूप होते, भुसा वारंवार बदलावा लागतो. हे काम करणाऱ्या लोकांचं नाव पेपरात नसतं पण आकडा त्यांच्यामुळे खरा येतो. मंजुरीच्या अर्जात किती प्राणी आणि का हे मनापासून लिहायला शिका, तो जीव आहे.

मृद्गंध_बायोटेक
खूप धन्यवाद दोघांना. मग जन्माआधीच रिसेप्टर नसेल तर मेंदू दुसरा मार्ग काढत असेल का? हे कोणी तपासलंय का?

आर्क्युएट
तपासलंय, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे. २००५ मध्ये सिअॅटलला पाल्मिटर यांच्या लॅबने एजीआरपी पेशींवर माणसाचा डिप्थीरिया टॉक्सिन रिसेप्टर बसवला, कारण उंदराच्या स्वतःच्या पेशींवर त्या विषाचा परिणाम जवळपास होत नाही. मग हवं तेव्हा टोचून फक्त त्याच पेशी मारता येतात. मोठ्या उंदरात मारल्या तर त्याने खाणं सोडलं आणि उपासमार झाली. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लात मारल्या तर ते मोठं होऊन जवळजवळ नॉर्मल खात होतं. पेशी त्याच, जनावर तेच, फक्त वेळ बदलली! त्याआधी एजीआरपी पेशींतच बनणाऱ्या एनपीवायचा साधा नॉकआउट (जन्मापासूनच जीन नसलेला उंदीर) केलेला, तोही व्यवस्थित खात होता आणि लोक चक्रावले होते, त्याचं एक कारण यातून कळतं.

लेप्टिनचंही तसंच. गर्भात चालणाऱ्या क्रेने एजीआरपी पेशींतून रिसेप्टर काढला तेव्हा परिणाम सौम्य होता, पण २०१८ मध्ये मोठ्या उंदराच्या मेंदूत विषाणूवाटे क्रिस्पर हे जीन कापणारं साधन पोचवून त्याच पेशींतून काढला तर भयंकर लठ्ठपणा आणि डायबेटीस, जवळपास डीबी/डीबीसारखाच. सरांना हेच सांग, की २००४ चा प्रयोग विचारतो "या पेशींत रिसेप्टर नसताना वाढलेला उंदीर कसा असतो", आणि आपल्याला वाटतं की तो विचारतोय "हा रिसेप्टर रोज काय करतो". हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

डॉ_पंचगंगा
मी बालरोगतज्ज्ञ, मध्येच बोलते. पोरी, प्रेझेंटेशनमध्ये माणसाचा भाग वगळू नकोस. १९९७ मध्ये केंब्रिजच्या गटाने लेप्टिनच बनत नसलेली दोन चुलत भावंडं शोधली, सतत भुकेली आणि अतिशय लठ्ठ. १९९९ मध्ये लेप्टिनचं इंजेक्शन देऊन त्यातल्या मोठ्या मुलीची भूक आटोक्यात आली. ओबी उंदीर नसता तर त्या मुलांना आयुष्यभर "खादाड, शिस्त नाही" एवढंच ऐकावं लागलं असतं, आणि मला हे फार लागतं कारण ओपीडीत आजही आयांना हेच ऐकवलं जातं. मात्र बहुतेक लठ्ठ लोकांत लेप्टिन कमी नसतं, उलट जास्तच असतं, म्हणून सरसकट लेप्टिन देऊन वजन उतरत नाही. हे स्पष्ट सांग, नाहीतर ऐकणारे चुकीचा अर्थ घेतात.

सध्या वजन आणि साखर उतरवणाऱ्या ज्या जीएलपी-१ इंजेक्शनांची चर्चा चालू आहे, त्यातल्या लिराग्लुटाइडवर २०१४ मध्ये असंच काम झालं. मज्जासंस्थेतून जीएलपी-१ रिसेप्टर काढलेल्या उंदरात औषधाने वजन उतरलं नाही, साखर मात्र सुधारली. एकच औषध, पण वजन आणि साखर यांचे मार्ग वेगळे.

वेताळटेकडी
मॅडमचा मुद्दा शेवटच्या स्लाइडला घे. आणि १८ टक्क्यांचा आलेख दाखवताना नर आणि मादी वेगवेगळे दाखव, बऱ्याच क्रे-लॉक्स पेपरांत दोघांत फरक असतो, सर तिथे बोट ठेवणारच.