१६ कोटींचं इंजेक्शन आणि बिचारं यकृत

घोडबंदरवासी: सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा एसएमए (स्नायू दुबळे करत जाणारा जनुकीय आजार) झालेल्या बाळासाठी मदतीचं आवाहन फिरतंय. पैसे मीही दिले, पण खटकतं ते सांगतो. त्यावरचं १६ कोटींचं इंजेक्शन म्हणजे झोल्गेन्स्मा. त्यात एएव्ही९ विषाणूच्या कवचात निरोगी जनुक भरलेलं असतं. पोचायचं मज्जारज्जूतल्या चेतापेशींत, पण शिरेतून दिलं की बराच माल यकृतातच उतरतो. दादरला जायची गर्दी ठाण्यालाच उतरावी तसं. मग डोस वाढवायचा: किलोमागे ११० लाख कोटी कण! २०२२ मध्ये या औषधानंतर यकृत निकामी होऊन दोन मुलं गेली. २०२५ मध्ये ड्युशेन या स्नायूंच्या आजारावरच्या एलेव्हिडिस या अशाच जनुकीय औषधानंतर आणखी दोन. आधी यकृत टाळणारे विषाणू बनवा, तोवर एवढे डोस बंद ठेवा.

खारघरची मावशी: बंद ठेवा म्हणे! एसएमएच्या टाइप १ या गंभीर प्रकारातली बहुतेक बाळं उपचाराविना दुसरा वाढदिवस बघत नाहीत. प्रतिकारशक्ती शांत करणारं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड आदल्या दिवसापासून सुरू करतात, महिनाभर पूर्ण डोस, मग एसजीपीटी ही यकृताची रक्ततपासणी बघत उतरवतात. बहुतेकांचं यकृत त्यात सावरतं.

घोडबंदरवासी: मावशी, हे पाणी तुंबल्यावर पंप लावणं झालं. यकृतपेशींत मिर-१२२ हा छोटा आरएनए भरपूर असतो. जनुकाला त्याची खूण जोडली, तर त्या पेशी जनुकाचा संदेश स्वतःच नष्ट करतात. हे आधीच का नको?

वागळे इस्टेट: संदेश जाईल हो, कवचाचं काय? ते यकृतात शिरतंच, आणि प्रतिकारशक्ती खवळते ती बऱ्याचदा त्याच्यावरच. जनुक न भरलेली रिकामी कवचं गाळा, कवचच बदला. अर्थात तिथेही जपून. पीएचपी.बी हे कवच ठराविक जातींच्या उंदरांच्या मेंदूत झकास शिरायचं, माकडांत फुस्स.

कोपरीकर: शरीरात विषाणू सोडायचाच कशाला? वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयात हिमोफिलिया ए (रक्त न गोठण्याचा आजार) असलेल्या पाच रुग्णांच्या रक्ताच्या मूळपेशी बाहेर काढून, लेंटिव्हायरस या दुसऱ्या विषाणूने त्यांत जनुक घालून परत दिल्या. २०२४ मध्ये निष्कर्ष छापूनही आले.

वागळे इस्टेट: रक्तातल्या पेशी काढता येतात. मज्जारज्जूतल्या कशा काढणार?

खारघरची मावशी: म्हणूनच हेच औषध मणक्यातून द्यायचं. अमेरिकेत २०२५ मध्ये दोन वर्षांवरच्यांसाठी परवानगी मिळाली. वजन कितीही असो, एकूण १२० लाख कोटी कण. वीस किलोच्या मुलाला शिरेतून याच्या अठरापट लागले असते.

घोडबंदरवासी: हे मात्र पटलं. पण ग्रुपवरचं बाळ सात महिन्यांचं आहे.

खारघरची मावशी: मग त्याला शिरेतूनच. आधी एएव्ही९विरुद्धची अँटीबॉडी तपासली का, एवढं विचारा ग्रुपवर.