राहण्याचे ठिकाण ठरत नसताना वसंतात तंबू घेऊन निघावे का?

रानवारा

‘कोठे राहावे हे ठरत नसेल, तर सामान कोठेतरी ठेवून द्या, वसंतात तंबू घेऊन निघा आणि जेथून पाय निघणार नाही तेथेच घर करा,’ असा सल्ला याच मंचावर मुक्कामी यांनी नुकताच दिला आणि त्याला भरघोस अनुमोदनही मिळाले. मला तो सल्ला घातक वाटतो, म्हणून सविस्तर लिहितो. भटकंतीला माझा विरोध नाही. वसंतातल्या चार रम्य रात्रींवरून पुढच्या आयुष्याचा निकाल लावण्याला आहे.

या ऋतूत बहुतेक भूभाग आपली सर्वांत अनुकूल बाजू दाखवतात. झरे वाहते असतात, गवत कोवळे असते. पण सर्वांत मोठी फसगत होते ती उजेडाची. वसंतातल्या विषुवदिनाच्या सुमारास पृथ्वीवर जवळपास सर्वत्र दिवस 12 तासांचा असतो, त्यामुळे 20 अंश अक्षांशावरचे गाव आणि 60 अंशांवरचे गाव या एका बाबतीत सारखेच भासते. प्रत्यक्षात 60 अंशांवर हिवाळ्यातला सर्वांत लहान दिवस सहा तासांहूनही थोडा कमी भरतो. माझ्या चुलतभावाने वसंतातल्या मुक्कामाच्या भरवशावर अशाच एका सरोवराकाठी घर घेतले आणि पहिला हिवाळा संपताच ते भाड्याने देऊन तो परतला. दुपारीच दिवे लावावे लागतात, हे त्याला तंबूत कोणी सांगितले नव्हते.

मुक्कामी

आपल्या बंधूंबद्दल वाईट वाटते, परंतु दिवसाची लांबी पंचांगात पाहता येते. त्यासाठी एक हिवाळा गमावण्याची गरज नव्हती. जे कागदावर कळत नाही, ते पाहायला मी जा म्हणतो. घर पाहायला गेलेला माणूस भर दुपारी अर्धा तास फिरतो आणि होकार देतो. तंबूत राहिलेल्याला पहाटेचा वारा कोठून येतो, रात्री लांबच्या रस्त्याचा आवाज किती पोहोचतो, जमीन पाणी किती वेळ धरून ठेवते, हे सारे अंगावर कळते. झाडांना पालवी फुटण्यापूर्वी गेलात, तर उन्हाळ्यात पानांआड दडणारा कारखानाही दिसतो. नदीकाठच्या फांद्यांत अडकलेला पालापाचोळा मागचा पूर किती उंच चढला होता ते दाखवतो.

आणि वसंत म्हणजे नुसती रम्यता, हे आपल्याला कोणी सांगितले? बर्फाच्या प्रदेशात जो ओढा सकाळी सहज ओलांडता येतो, तोच दिवसभर बर्फ वितळल्यावर संध्याकाळी वाट अडवतो. मी स्वतः एक सुंदर खोरे केवळ तेथील रात्री असह्य गारठ्याच्या होत्या म्हणून यादीतून काढून टाकले. हे मला कोणत्या जाहिरातीने सांगितले असते?

उतारावरचा

मुक्कामी, आपण तंबू खोऱ्याच्या तळाशी, ओढ्यालगतच्या सपाटीवर लावला असणार. निरभ्र आणि निवांत रात्री उतारावरची हवा थंड होते, जड होते आणि खाली वाहत जाऊन खोलगट भागात साचते. त्याच खोऱ्यात थोडे वर, उताराच्या मध्यावर झोपला असता, तर आपले मत वेगळे झाले असते. आपण एका खळग्याला नाकारलेत आणि दोष संपूर्ण खोऱ्याला दिलात.

मुक्कामी

उंचीवर गेल्यास तापमान घटते, दर 1000 मीटरला सुमारे 6.5 अंश सेल्सिअसने, हे शालेय पुस्तकातले ज्ञान आहे. ऊब मिळावी म्हणून वर चढा, हा सल्ला मी प्रथमच ऐकतो.

उतारावरचा

ती सरासरी आहे आणि आपण ती नेमक्या अशा वेळी वापरत आहात, जेव्हा ती उलटी होते. फळबागा लावणारे लोक तळाची जमीन टाळून मधला उतार का शोधतात, हे कोणत्याही बागायतदाराला विचारा. वसंतात मोहोर आलेला असताना तळाशी पडलेले एका रात्रीचे गोठलेले दहिवर वर्षाचे पीक नेते. दुसऱ्यांना ठामपणे घर निवडण्याचे मार्ग सांगणाऱ्याने एवढे तरी समजून घ्यायला हवे होते.

सांजवाट

दोघेही एक साधी शक्यता सोडून देत आहात. मुक्कामी, आपल्या स्लीपिंग बॅगवर कोणता आकडा होता? आयएसओ 23537 या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे मोजलेल्या बॅगेवर ‘कम्फर्ट’ आणि ‘लिमिट’ असे तापमानाचे दोन वेगळे आकडे असतात. पहिला प्रमाण स्त्रीला सैल अंगाने आरामात झोप लागेल असा आहे, तर दुसरा प्रमाण पुरुष अंग आखडून जेमतेम थंडी निभावेल असा. विक्रेते बहुधा दुसरा आकडा ठळक छापतात. मलाही एका दुकानात असाच आकडा दाखवून बॅग दिली गेली आणि मी रात्रभर थरथरत काढली. त्यात खालची मॅट पातळ असेल, तर दाबलेली बॅग पाठीला काहीच ऊब देत नाही, कारण जमीन थेट उष्णता ओढून घेते.

मुक्कामी

माझी मॅट जाड होती आणि बॅग उत्तम होती. मी अनेक वर्षे उघड्यावर झोपतो आहे. मला झोपायला शिकवण्याची आवश्यकता नाही.

पायवाट

स्लीपिंग बॅगेवर एवढे लिहून झाल्यावर आता ज्यांच्यासाठी हा सल्ला होता त्यांच्याकडे वळूया का? ज्याचा भाडेकरार संपला आहे आणि नवा पत्ता नाही, त्याची पत्रे कोठे जाणार? बँक, विमा, मतदारयादी, मुलांची शाळा, सगळ्यांना कायमचा पत्ता हवा असतो. घर सोडून फिरत असताना माझ्या वडिलांचे आजारपण उद्भवले, तेव्हा नोंदणी त्या भागात नसल्याने एका दवाखान्याने आम्हाला दुसरीकडे पाठवले. तो राग अजून गेलेला नाही. जुने घर हातात ठेवून भटकणे वेगळे आणि घर सोडून भटकणे वेगळे. मुक्कामी यांनी या दोन्हींना एकच मानले.

शिवाय वसंतातली भिजलेली जमीन पायांखाली लवकर दबते आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी याच काळात अंडी घालतात. आपण राहायला जागा शोधत असताना दुसऱ्यांची मोडू नये, एवढे भान तरी असावे.

रानवारा

पायवाट यांच्याशी पूर्ण सहमत. उतारावरचा यांचे म्हणणे तर माझ्याच बाजूचे आहे: अनुभवी माणूसही एका रात्रीच्या मुक्कामावरून खोऱ्याबद्दल चुकीचे मत बनवू शकतो.

उतारावरचा

माझे म्हणणे आपल्या बाजूचे मुळीच नाही. तळाशी थंड हवा साचते हे तेथे झोपल्यावरच कळले ना? हिवाळ्यात त्याच तळाशी धुके आणि चुलींचा धूर अडकून राहतो. तेथे घर घेणाऱ्याला हे वसंतातच कळले, तर मुक्काम वाया गेला असे कसे म्हणता येईल? केवळ एका जागी झोपून भागत नाही, तळाशी आणि मध्यावर अशा दोन्ही ठिकाणी झोपून पाहायला हवे.

मुक्कामी

खळग्याचा मुद्दा मी नाइलाजाने मान्य करतो. ओढा खरोखरच तंबूजवळ होता. पत्त्याचाही मान्य करतो, आणि ‘सामान ठेवून द्या’ याऐवजी ‘जुना करार चालू ठेवून निघा’ असे माझ्या मूळ लेखात बदलतो. परंतु निवड वसंतात करू नये, हे मला अजूनही पटलेले नाही. रानवारा यांच्या मताने चालायचे, तर प्रत्येक ठिकाणी चारही ऋतू काढावे लागतील आणि तोवर माणूस दुसऱ्याच्या घरातच म्हातारा होईल.

रानवारा

चारही ऋतू नकोत, पण ज्या ऋतूला तेथील लोक कंटाळतात, त्यात एक आठवडा तरी भाड्याच्या खोलीत काढावा, तंबूत नव्हे. वसंतात नावे यादीत घालायला माझी हरकत नाही. घराचा करार मात्र त्या आठवड्यानंतरच व्हावा, आणि यावर मी मागे हटणार नाही.