मदत हवी आहे: एजंट वापरणार असलेल्या कोड-सर्च टूलचं डॉक्युमेंटेशन कसं लिहिता?

नमस्कार मंडळी,

प्रोजेक्टमधला कोड शोधून देणारं एक छोटं टूल आम्ही ओपन सोर्स करतोय. आत रिपग्रेप (फायलींत मजकूर शोधणारा प्रोग्रॅम) आणि ट्री-सिटर (कोडची रचना ओळखणारी लायब्ररी), बाहेर एमसीपी सर्व्हर (एआयला बाहेरची टूल्स जोडून देणारा दुवा). म्हणजे शोधणारा माणूस नाही, एआय एजंट (स्वतः टूल्स चालवून काम करणारा एआय). टूल चालतंय, घोडं अडलंय डॉक्युमेंटेशनपाशी.

माणसांसाठी रीडमी (प्रोजेक्टची माहिती देणारी फाइल) लिहायची सवय आहे. पण एजंट रीडमी उघडेलच असं नाही. त्याच्या हाती मुख्यतः टूलचं नाव, वर्णन आणि इनपुटचा जेसन स्कीमा (टूलला कोणती माहिती कशी द्यायची त्याचा आराखडा) एवढंच येतं. वर्णन कॉन्टेक्स्टमध्ये (एजंट एका वेळी लक्षात घेऊ शकतो त्या मर्यादित मजकुरात) जागा खातं, त्यामुळे पाल्हाळ परवडत नाही. आणि त्रोटक ठेवलं की एजंटची स्वारी थेट शेलमध्ये (कमांड लाइनवर) जाऊन ग्रेप ही साधी शोध-कमांड चालवते, आमच्या टूलकडे ढुंकूनही बघत नाही!

दुसरी अडचण जास्त छळतेय. गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फायलींच्या यादीत) असलेल्या फायली रिपग्रेप आपणहून वगळतो. जनरेट झालेला कोड बहुधा तिथेच असतो. निकाल रिकामा आला की एजंट ठामपणे सांगतो, असं फंक्शनच नाही. अशा फायली वगळल्या जातात ही सूचना वर्णनात घालावी, की रिकाम्या निकालासोबत 'या फोल्डरमध्ये शोधलेलं नाही' असा मजकूर पाठवावा? माझा कल दुसऱ्याकडे आहे, कारण गरज पडेल तेव्हाच ती जागा खाईल.

'हे टूल कधी वापरू नये' हेही तुम्ही वर्णनात लिहिता का? आणि वर्णनातला शब्द बदलल्यावर खरंच फरक पडला, हे कसं तपासता? कुणी असं काही केलं असेल तर नमुना दाखवा, प्लीज.