रिचर्डसन यांच्या दगडी वास्तू

प्रश्न (गिरगाव): मुंबईत बोरीबंदरचे स्थानक १८७८ ते १८८८ या काळात उभे राहत असताना अमेरिकेत दगडी इमारती बांधणाऱ्या हेन्री हॉब्सन रिचर्डसन यांच्या कारकिर्दीविषयी कोणी सांगू शकेल का?

उत्तर (दादर): लुइझियानात १८३८ मध्ये जन्मलेल्या रिचर्डसन यांनी पॅरिसमध्ये शिक्षण घेतले आणि बॉस्टनच्या ट्रिनिटी चर्चमुळे त्यांचे नाव झाले, परंतु माझ्या मते पिट्सबर्गचे न्यायालय व तुरुंग हेच त्यांचे सर्वांत समर्थ काम, कारण तेथे नक्षीपेक्षा खडबडीत ग्रॅनाइट आणि अर्धवर्तुळाकार कमानींचाच प्रभाव पडतो. ते १८८८ मध्ये पूर्ण झाले. रिचर्डसन मात्र १८८६ मध्येच, अवघ्या ४७व्या वर्षी निवर्तले होते.

उत्तर (विलेपार्ले): शिकागोतील मार्शल फील्ड यांची घाऊक व्यापाराची इमारतही विसरू नये. तिचा प्रभाव शिकागोचे वास्तुविशारद लुई सलिव्हन यांच्यावर स्पष्ट दिसतो. ती १९३० मध्ये पाडली गेली, याची फार हळहळ वाटते.