जुलाब थांबले पण दूध दिलं की परत पातळ शी, दीड वर्षाच्या मुलाला काय द्यायचं?

पिल्लूची_आई_ठाणे
लेक दीड वर्षाचा आहे. दोन आठवड्यांपूर्वी उलट्या जुलाब ताप सगळं एकदम झालं, ओआरएसवर निभावलं, शी पण घट्ट व्हायला लागली होती. मग नेहमीच्या दोन बाटल्या दूध सुरू केलं आणि दुसऱ्या दिवसापासून परत फेसाळ पातळ शी, आंबूस वास, पोट टम्म, ढुंगण लालभडक, धुताना किंचाळतो बिचारा. डॉक्टर म्हणाले टेम्पररी लॅक्टोज इनटॉलरन्स आहे, म्हणजे दुधातली साखर (लॅक्टोज) सध्या पचत नाहीये, दोन-तीन आठवडे दूध बंद. पण रात्री बाटलीशिवाय झोपतच नाही हा, सासूबाई म्हणतात दुधात पाणी घालून दे, शेजारच्या काकू म्हणतात बकरीचं दे. तुम्ही काय केलंत?

दोन_लेकरांची_माय
अगं आमच्या धाकटीला रोटाव्हायरसनंतर अगदी हेच झालेलं. आमच्या डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं होतं, आतड्याच्या आतल्या बारीक केसांसारख्या टोकांवर लॅक्टेज, म्हणजे लॅक्टोज पचवणारं एन्झाइम, तयार होतं, व्हायरस नेमकी तीच टोकं खराब करतो, मग दुधातली साखर न पचता मोठ्या आतड्यात जाते, तिथे आंबते, गॅस होतो आणि पाणी ओढून घेते. टोकं परत येतात, फक्त वेळ द्यायचा. पाणी घातलं तरी साखर तीच गं, दोन बाटल्यांच्या तीन बाटल्या होणार एवढंच. बकरीच्या आणि ए-टू दुधात पण लॅक्टोज असतंच. मी मुगाची खिचडी वर तूप, भाताची पेज, केळं, उकडलेला बटाटा यावर तीन आठवडे काढले. घरचं ताजं दही एकेक चमचा देऊन बघितलं, सोसलं, मग दहीभात. पनीर घरी केलंस तर बरीचशी साखर निवळीत निघून जाते. बिस्किटं बघून घे हं, बऱ्याच बिस्किटांत दूध पावडर असते, मी आठवडाभर तिथेच फसले होते.

नाशिकची_आजी
बाळा नाचणीचं सत्व पाण्यात शिजवून दे, वर तूप. ज्यूस आणि साखरपाणी मात्र अजिबात नको, त्याने जुलाब वाढतात. ढुंगणाला वाइप्स लावू नकोस, कोमट पाण्याने धुवून टिपून कोरडं कर, झिंक ऑक्साइडचं क्रीम जाडसर लाव आणि दुपारी डायपर काढून मोकळं ठेव.

रात्रपाळीची_आई
माझी नऊ महिन्यांची आहे, तिलाही असंच झालंय, अंगावरचं पण बंद करायचं का?

दोन_लेकरांची_माय
@रात्रपाळीची_आई नको गं! अंगावरचं चालू ठेवायचं, आमच्याही डॉक्टरांनी हेच बजावलेलं. वरचं फॉर्म्युला असेल तर लॅक्टोज-फ्री किंवा सोयाचं देऊ का ते विचार, मनाने बदलू नकोस.
@पिल्लूची_आई जुलाबासाठी झिंकचं औषध दिलंय ना, जुलाब थांबले म्हणून सोडू नकोस, 14 दिवस पूर्ण कर. प्रत्येक पातळ शीनंतर थोडं थोडं ओआरएस, पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, कमी-जास्त नाही. शीत रक्त, सहा-आठ तास सू नाही, डोळे खोल गेलेत, मूल मलूल पडलंय असं काही दिसलं तर धाग्यावर विचारत बसू नकोस, लगेच दवाखाना. आणि महिना होऊनही दूध सोसलं नाही तर परत दाखव, दुधाच्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी ही वेगळी गोष्ट असते.

पिल्लूची_आई_ठाणे
सगळ्यांना मनापासून थँक्यू, खूप धीर आला. अपडेट देते, आज अठरावा दिवस. पहिल्या चार रात्री फार रडला, बाटलीत कोमट पाणी देऊन मांडीवर घेऊन फेऱ्या मारल्या, पाचव्या रात्री आपोआप झोपला. दही सोसलं. लालसरपणा गेला. काल नाचणीत दोन चमचे दूध घातलं, आज सकाळी शी घट्टच आहे. उद्या चार चमचे घालणार, सासूबाई स्वतः मोजून देणार आहेत.